सीएसएमटी मिठाईच्या बॉक्सवर: रफपासून छपाईपर्यंत

दिवाळीच्या बॉक्ससाठी एका मिठाईवाल्यांना सीएसएमटीचं, म्हणजे मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकाच्या इमारतीचं, बारकाव्यांसकट डिजिटल चित्र हवं होतं. अशा कामात शैलीच्या आधी मी माप विचारते. एक किलोच्या बॉक्सचं झाकण साधारण ए४ आणि अर्ध्या किलोचं ए५ होतं. म्हणून मूळ चित्र ए३, ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० पिक्सेल) घेतलं. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड) धरून आडवी फाइल ५०३१ × ३५७९ पिक्सेलची झाली. या फाइलमधली ४ पिक्सेलची रेघ ए३वर ०.३४ मिमी असते, ए५वर तीच ०.१७ मिमी उरते. त्यामुळे सगळ्यात बारीक रेघ ४ पिक्सेलची, खिडक्या-कमानींची ७ आणि इमारतीची बाह्यरेषा १२ असं सुरुवातीलाच ठरवून टाकलं. ब्रशचा प्रेशर-साइझ (पेनच्या दाबाप्रमाणे रेघेची जाडी बदलणं) बंद ठेवला, नाहीतर रेघेची टोकं ४च्याही खाली जातात आणि छपाईत तुटतात.

संदर्भासाठी फोटो स्वतः काढणं उत्तम. इंटरनेटवरचा फोटो गिरवला तर छायाचित्रकाराच्या हक्काचा प्रश्न येतो. इमारतीच्या बाबतीत ती अडचण नाही, कारण वास्तूचं चित्र काढून प्रकाशित करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण व्यावसायिक कामात ट्रेडमार्कही तपासावा. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची प्रतिमा २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदली गेली आहे.

सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे, महापालिकेच्या इमारतीकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो आणि कोरीवकाम सपाट दिसतं. दुपारी तीननंतर ऊन तिरकं पडतं, मग प्रत्येक कमानीची खोली कळते. रात्रीच्या रंगीत रोषणाईतल्या फोटोंवरून दगडाचा रंग उचलू नये. भिंतीचा पिवळसर दगड आणि नक्षीसाठी वापरलेला पोरबंदरचा फिकट चुनखडक यांतला फरक दिवसाच दिसतो, आणि चित्रातली अर्धी श्रीमंती त्या फरकातच आहे.

रस्त्यावरून काढलेल्या फोटोत उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात आणि घुमट बसका दिसतो. मी क्षितिजरेषा पहिल्या मजल्याच्या उंचीवर नेली, दोन-बिंदू पर्स्पेक्टिव्ह गाइड लावला आणि सगळ्या उभ्या रेषा सरळ ठेवल्या. घुमट अष्टकोनी आहे. गोल लंबवर्तुळ काढून त्यावर फासळ्या चिकटवल्या की तो भोपळ्यासारखा दिसतो. आधी तळाचा अष्टकोन पर्स्पेक्टिव्हमध्ये बसवायचा, मग त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून एकेक फासळी वर न्यायची.

सर्वात मोठा धोका आरशाचा. इमारत बऱ्यापैकी सममित असल्यामुळे अर्धी काढून फ्लिप करायचा मोह होतो. खिडक्या आणि कमानींपुरतं ते चालतं, तेही समोरून काढलेल्या एलिव्हेशनमध्येच (पर्स्पेक्टिव्ह नसलेल्या सरळ दर्शनी चित्रात). फ्लिप केलेल्या बाजूची सावली मात्र पुन्हा रंगवावी लागते. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. घुमटावरच्या ‘प्रगती’च्या पुतळ्याच्या उजव्या हातात उंचावलेली मशाल आहे आणि डाव्या हाती चाक. पूर्ण चित्र फ्लिप झालं की हात बदलतात, आणि रोज तिथून लोकल पकडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ते लगेच लक्षात येतं. जुन्या छायाचित्रांत घड्याळाखालच्या कोनाड्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा दिसतो. आज कोनाडा रिकामा आहे. कोणत्या काळातलं चित्र हवं, हे क्लायंटकडून रफच्या वेळीच लेखी घ्यावं. फलक दाखवायचा असेल तर स्थानकाच्या नावात ‘महाराज’ हा शब्द २०१७ मध्ये आला, तेही बघावं.

रफमध्ये बॉक्सची डायलाइन (कापायच्या आणि घडीच्या रेषांचा आराखडा) वरच्या लेयरवर हवीच. पहिल्या मांडणीत मशाल झाकणाच्या घडीवर येत होती. घडीवर शाई तडकते, म्हणून संपूर्ण पुतळा घडीपासून ८ मिमी आत घेतला.

रंग सीएमवायकेतच (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) तपासावेत. स्क्रीनवरचं झळाळतं निळं आकाश कागदावर मळकट होतं, त्यामुळे आकाश केशरी-पिवळ्याकडे नेलं. आरजीबीतली (स्क्रीनच्या रंगपद्धतीतली) काळी रेघ रूपांतरात चार शाईंत वाटली जाते. एखाद्या शाईची छपाईची प्लेट जराशी सरकली तरी बारीक नक्षीला रंगीत कड येते. म्हणून रेघांचा लेयर वेगळा ठेवला आणि रूपांतरानंतर त्यात फक्त १०० टक्के काळी शाई भरून तो मल्टिप्लायवर (खालचे रंग तसेच ठेवणाऱ्या मोडवर) लावला. सोनेरी फॉइलसाठी आणखी एक फाइल लागते: एकसलग रंग, ग्रेडियंट नाही. फॉइल अर्धा मिमी इकडेतिकडे होऊ शकतं, त्यामुळे ते बारीक बाह्यरेषेच्या आत बसवू नये. मशालीला आणि फासळ्यांना फॉइल दिलं आणि त्यांच्याखालची काळी रेघ काढून टाकली.

करारात माध्यम, प्रदेश, मुदत आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या लिहिल्या. रेखाटन मंजूर झाल्यावर कोन बदलायचा असेल तर वेगळे पैसे, ही ओळ ठळक ठेवली, कारण कोन बदलला की सगळं रेखाटन नव्याने करावं लागतं. लेयर असलेली मूळ फाइल दिली नाही. क्लायंटला पीडीएफ आणि टिफ दिल्या, आणि छापखान्याकडून प्रूफ (छपाईचा नमुना) आर्ट पेपरऐवजी बॉक्सच्याच बोर्डावर मागवलं. ग्रे-बॅक (मागून करड्या) बोर्डाची छापायची बाजू आर्ट पेपरइतकी पांढरी नसते, त्यामुळे पिवळा दगड तिथे आणखी गडद उतरतो. प्रूफ पाहून भिंतीतला काळा ५ टक्क्यांनी कमी केला आणि मगच प्लेटला परवानगी दिली.