रायटरला सांगून लिहायचा मराठीचा पेपर: आमची तयारी कशी झाली

मी बँकेत नोकरी करते, शिकवण्याशी माझा तसा काही संबंध नाही. पण नाशिकमधल्या सातपूरच्या ओळखीतल्या एका काकूंनी विचारलं की बीएच्या दोन दृष्टिहीन मुलांचा मराठी साहित्याचा पेपर आहे, संध्याकाळी वाचून दाखवशील का, तर मी हो म्हटलं. वाटलं, वाचायचंच तर आहे.

पहिला महिना नोट्सनेच खाल्ला. मिळालेल्या पीडीएफ एकतर झेरॉक्सचे फोटो, त्यात टॉकबॅकला, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीला, वाचायला काहीच सापडत नाही, नाहीतर जुन्या फाँटमधल्या, युनिकोड नसल्यामुळे फोन भलतंच बरळतो. शेवटी मीच रोज जेवणं झाली की वीस मिनिटं वाचून व्हॉट्सअॅपवर पाठवायला लागले. कोणी हे करणार असेल तर एक सांगते, सुरुवातीलाच धडा आणि पान नंबर बोला, नाहीतर चाळीस रेकॉर्डिंगमधून एक उतारा शोधताना त्या पोरांची संध्याकाळ जाते.

धड्यांचं जमलं, कवितेला मात्र मी चुकले. दोघांतली मुलगी सिन्नरची, कविता ऐकून पहिला प्रश्न, "ताई, ओळ कुठे संपली?" मी तर गद्यासारखी सलग वाचलेली, नोट्समध्येही सलगच छापलेली. मग सावानातून, म्हणजे १८४० पासूनच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, मूळ संग्रह काढून आणला तेव्हा कळलं की एका ठिकाणी ओळीत एकच शब्द आहे आणि रसग्रहणात लिहायचं ते नेमकं तेच. त्याहून मोठी चूक पुढच्या आठवड्यात कळली. तिने उत्तरात लिहिलं होतं की कवी इथे चिडलेला आहे. मी विचारलं, हे कोणत्या शब्दावरून? ती म्हणाली, "तुमच्या आवाजावरून."

मला खूप लागलं ते. मी कविता देत नव्हते, माझा अर्थ देत होते आणि तो तपासायला तिच्यासमोर पान नव्हतं. त्यानंतर पहिलं वाचन सपाट, "ओळ एक, ओळ दोन, कडवं संपलं" असं. ती ब्रेल पाटीवर महत्त्वाच्या ओळी उतरवून घ्यायची, बोटांनी दोनदा फिरवायची, तिचं म्हणणं ऐकून झालं की मगच मी मला वाटतं तसं वाचायचे.

आता रायटर, म्हणजे परीक्षेत ही मुलं सांगतील ते लिहून घेणारा. आपला रायटर आणला तर तेव्हाच्या नियमाने त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी खालचं हवं होतं, त्यामुळे माझा बारावी सायन्सचा भाचा सरावाला बसवला. त्याने अनुप्रासचं अनुप्रवास केलं, प्रतीक आणि प्रतिमा एकच समजला. म्हणून पारिभाषिक शब्द अक्षर फोडून सांगायचे, पाच-सहा शब्दांचे तुकडे करायचे, "पूर्णविराम, नवीन परिच्छेद" तोंडाने बोलायचं, हे सगळं घोटून घेतलं. आपण लिहिताना सहज वर नजर टाकतो ना, तसं त्यांना करता येत नाही, आणि "मागचं वाच" म्हटलं की दोन मिनिटं गेली. दुसरा जो मुलगा होता त्यानेच उपाय काढला, एका उत्तराचे पाच मुद्दे पाच बोटांवर, सांगून झाला की ते बोट मिटायचं. पहिल्या सरावात तीन तासांत निम्माच पेपर झाला होता, चौथ्यात पूर्ण झाला.

रायटर घेणाऱ्यांना तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास, हे २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तरी पेपरच्या दिवशी सेंटरवरचे एक सर म्हणाले, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. माझ्या पर्समध्ये प्रिंट होती म्हणून निभावलं, पण त्या वादात पंधरा मिनिटं गेली आणि ती मुलं शेजारी बसून सगळं ऐकत होती. पाठ केलेलं अशा वेळी डोक्यातून सांडतं हो. प्रिंट दोन दिवस आधीच नेऊन द्यायला हवी होती, पुढच्या सेमिस्टरला तसंच केलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, तिसऱ्या कडव्याचं मी तुमच्यापेक्षा वेगळं लिहिलंय." म्हटलं, सांग. कॉलेज रोडच्या स्टॉपवर उभं राहून ती सांगत होती, आम्ही सिटीलिंकच्या दोन बस सोडल्या.