लॉयलिस्ट शिपायाच्या मागावर : ओटावा ते मॉरिसबर्ग

माझ्या सासूबाईंच्या माहेरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांचा मूळपुरुष अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाकडून लढला (अशा राजनिष्ठांना ‘लॉयलिस्ट’ म्हणतात) आणि घरदार गमावून कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी येऊन राहिला. कागद मात्र कुणीच पाहिला नव्हता. माझ्या मुलांचं हेही घराणंच, म्हणून या उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन आम्ही शोधाला निघालो. आता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कॅनडातल्या जुन्या घराण्यांतले सुना-जावई आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

ज्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने 1781 मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला शरणागती पत्करली, तोच पुढे 1792 मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहात मराठ्यांच्या बाजूला दिसतो. हरलेल्या बाजूचे साधे शिपाई मात्र मायदेशालाच मुकले. सर जॉन जॉन्सन यांच्या ‘किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्क’ या लॉयलिस्ट पलटणीमधल्या बऱ्याच जणांना 1784 मध्ये आजच्या कॉर्नवॉल गावाच्या परिसरातल्या टाउनशिपमध्ये (जमीनवाटपासाठी आखलेल्या विभागांत) जमिनी मिळाल्या. सुरुवातीला साध्या शिपायाच्या वाट्याला 100 एकर आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे आणखी 50 एकर येत.

बहुतेक जण आधी पलटणीच्या हजेरीपटात नाव शोधायला जातात. माझं ठाम मत आहे की सुरुवात त्या शिपायाच्या मुलीने जमिनीसाठी केलेल्या अर्जापासून करावी. नोव्हेंबर 1789 मध्ये गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यांच्या कौन्सिलने लॉयलिस्टांच्या मुलांना सज्ञान झाल्यावर आणि मुलींना सज्ञान झाल्यावर किंवा लग्न झाल्यावर 200 एकर देण्याचा ठराव केला. मुलगा बापाचंच आडनाव लावतो आणि बऱ्याचदा नावही बापाचंच, त्यामुळे हजेरीपटात एकाच नावाचे तिघे निघाले की डोकं चक्रावतं. मुलीला मात्र सगळंच लिहून द्यावं लागे : नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, त्याची टाउनशिप आणि पुष्कळदा रेजिमेंटही.

हे अर्ज ओटावाच्या ‘लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा’मध्ये आहेत. घरूनच त्यांच्या संकेतस्थळावर ‘अप्पर कॅनडा लँड पिटिशन्स’ची (अप्पर कॅनडा म्हणजे आजच्या ओंटारिओचं जुनं नाव) सूची पाहा आणि खंड, बंडल व अर्जाचा क्रमांक टिपून घ्या. आडनावाची जमतील तितकी स्पेलिंगं तपासा. या पलटणीत जर्मन वंशाचे लोक भरपूर होते आणि कारकून कानावर पडेल तसं लिहीत. आम्हाला मिळालेल्या मुलीच्या अर्जाखाली सहीच्या जागी फुलीची खूण आहे. फुलीच्या डाव्या-उजव्या बाजूला कारकुनाने तिचं नाव लिहिलंय आणि खाली ती अमुक शिपायाचीच मुलगी असल्याचा दाखला आहे. सासूबाईंनी ते पान सावकाश, दोनदा वाचलं.

बापाची रेजिमेंट कळली की मग हॅल्डिमंड पेपर्सकडे, म्हणजे युद्धकाळातले गव्हर्नर हॅल्डिमंड यांच्या कागदपत्रांकडे वळा. मूळ कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण मायक्रोफिल्मच्या प्रती ‘कॅनडियाना’ या संकेतस्थळावर फुकट दिसतात. हजेरीपट आणि शिधावाटपाच्या याद्या त्यातच आहेत. शिध्याच्या यादीत बायकामुलांचे आकडे असल्याने कुटुंब ताडून पाहता येतं. यादीत नोकरांचा रकाना दिसला तर तिथे थांबा. त्यातली काही माणसं गुलाम म्हणून आणलेली कृष्णवर्णीय होती, आणि घराण्याच्या इतिहासात त्यांचीही नोंद व्हायला हवी.

जमिनीचं काम आपल्या सातबारा-फेरफारासारखंच चिकाटीचं. ऑनलँड या ओंटारिओच्या जमीननोंदणीच्या संकेतस्थळावर टाउनशिप, कन्सेशन (जमिनीच्या तुकड्यांची रांग) आणि लॉट (त्यातला तुकडा) यांचे क्रमांक घालून जुनी नोंदवही उघडते. पहिली नोंद सरकारी पट्ट्याची असते, पण पट्टा ताब्यानंतर कित्येक वर्षांनीही निघे. त्यावर दुसऱ्याचंच नाव असलं तर हक्क विकला गेला असेल किंवा वारसाकडे गेला असेल. त्यासाठी असे हक्क ठरवणाऱ्या ‘एअर अँड डिव्हायझी कमिशन’ची कागदपत्रं पाहावीत.

ओटावाहून कॉर्नवॉल साधारण 100 किलोमीटर. तिथून पश्चिमेला 401 या मोठ्या महामार्गाने न जाता नदीकाठच्या जुन्या हायवे 2 ने जा. जुन्या नकाशावरचा लॉट सापडला नाही तर तो पाण्याखाली असू शकतो. सेंट लॉरेन्स सीवे (मोठ्या जहाजांचा जलमार्ग) आणि वीजप्रकल्पासाठी 1 जुलै 1958 ला हा काठ बुडवला गेला आणि सुमारे 6,500 माणसं विस्थापित झाली. लाँग सॉल्टजवळच्या लॉस्ट व्हिलेजेस म्युझियममध्ये त्या गावांची घरं आणून मांडली आहेत. मॉरिसबर्गजवळ अप्पर कॅनडा व्हिलेज या संग्रहालय-गावालगत पायोनियर मेमोरियल हे स्मारक आहे. बुडालेल्या दफनभूमींतले शिलालेख तिथे विटांच्या भिंतींत बसवलेत. काही अक्षरं पुसट झाली आहेत. उन्हं तिरपी असताना ती नीट वाचता येतात, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा.

जाण्याआधी : ओटावाच्या वाचनालयाचं कार्ड आधीच काढून ठेवा, मूळ कागद हवे असतील तर ते आगाऊ मागवा आणि सोबत पेन्सिल ठेवा. नदीकाठची छोटी संग्रहालयं हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्टमध्येच बेत आखा. वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर अभिलेखागार आणि नदीकाठ एकाच दिवसात उरकू नका.