नंबर ८० की डॉप झेड ९६? टाइम-फ्यूजांची छाननी: चालू नोंद

पहिल्या महायुद्धातल्या टाइम-फ्यूजांपैकी (तोफगोळ्याच्या नाकावर बसवलेली, ठरल्या वेळी गोळा फोडणारी कळ) आता ब्रिटिश ‘नंबर ८०’ आणि जर्मन ‘डॉप झेड ९६’ तपासायला घेतलेत. दोन्ही शेजारी ठेवले की हमखास फसगत होते, कारण नंबर ८० बेतलाय तोच मुळी क्रुप या जर्मन शस्त्रकंपनीच्या रचनेवर. व्हिकर्स या ब्रिटिश शस्त्रकंपनीने १९०२ मध्ये क्रुपशी करार केला होता, त्यामुळे ब्रिटिश नगांवरही ‘केपीझेड ९६/०४’ हा क्रुपच्या पेटंटचा ठसा सापडतो. तेवढ्यावरून ‘जर्मन’ असं लेबल लावू नका.

आधी वेळ लावायच्या फिरत्या कडीवरचे आकडे बघा. नंबर ८० वर ० ते २२ असे वेळेचे विभाग असतात. जर्मन कडीवर मीटरमधलं अंतर. मग बुडाजवळचे ठसे: ‘८०’, रोमन आकड्यात मार्क (म्हणजे आवृत्ती), कारखान्याची अक्षरं (‘आरएल’ म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी), महिना/वर्ष आणि लॉट. बाणाचा ठसा (ब्रिटिश सरकारी मालाची खूण) मालकी सांगतो, जन्मगाव नव्हे. ‘सी’च्या आत बाण असेल तर माल कॅनडा सरकारचा, पण कॅनडात घडून ब्रिटनला गेलेल्या नगावर तो असेलच असं नाही.

टोपी, कड्या आणि बूड यांच्यावरचे ठसे वेगवेगळे नोंदवा. संग्राहकांच्या हातून फिरताना सुटे भाग अदलाबदल होतात, म्हणून तारखांत मोठी तफावत दिसली तर नग जोडलेला समजावा. धातूही बोलतो: नाकेबंदीत पितळ आटल्यावर जर्मनांनी लोखंड आणि जस्ताकडे मोर्चा वळवला, तेव्हा लोहचुंबक जवळ ठेवाच.

पुसट ठशासाठी नरम ब्रशने धूळ काढा, बोटाने टाल्कम पावडर घासा, वरची पुसून टाका आणि टॉर्च अगदी आडवा धरा. खोदलेल्या अक्षरांत पांढरं उरतं आणि फोटो स्वच्छ येतो. चिंच, पितांबरी, वायर-ब्रश पूर्ण वर्ज्य. आंबटाने पितळातलं जस्त निघून पृष्ठभाग तांबूस पडतो आणि तपासनिसाचे बारीक ठसे कायमचे जातात. आमच्या मते चकचकीत नगापेक्षा काळवंडलेला, पण वाचता येणारा नग केव्हाही मोलाचा.

हे सगळं फक्त रिकामा केल्याची खात्रीशीर नोंद असलेल्या नगांपुरतंच. बूड पोकळ दिसलं म्हणून फ्यूज रिकामा ठरत नाही; कड्यांच्या आतल्या खोबणीत दाबून भरलेली काळी दारू असते, शिवाय आघाताने पेटणारी स्फोटक टोपीही शाबूत असू शकते. शंका असेल तर फिरवू नका, उघडू नका, हलवूही नका. लांब राहून ११२ ला कळवा.

यानंतर फ्रेंच २२/३१, मॉडेल १८९७. निमुळत्या अंगावर मळसूत्राच्या आट्यांसारखी चढत जाणारी आकडेवार भोकं ही त्याची खूण. नावातले २२ आणि ३१ ही मिलिमीटरमधली मापं आहेत, त्यांना तारीख समजून नोंदवहीत चढवू नका.