गाठीच्या सुई तपासणीतली आमची वाटचाल

मिरजेत लॅब सुरू केली तेव्हा रक्त-लघवीच्या तपासण्यांवर जागेचं भाडं निघायचं. गाठीची सुई तपासणी, म्हणजे एफएनएसी, मात्र मी पहिल्यापासून स्वतःच करत आले. गाठ बोटांना कशी लागते, हलते की खोल स्नायूला धरून आहे, हे जिने चाचपून पाहिलंय तिलाच स्लाइडवरच्या पेशींचा अर्थ नीट लागतो, असं माझं ठाम मत आहे.

थायरॉइड आणि मानेतल्या गाठी रोजच्याच. कस लागतो तो हातापायांच्या मऊ गाठींत. बहुतेक चरबीच्या निघतात. सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, हाडं अशा भागांत उगवणारा कॅन्सर, मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये जेमतेम 1 टक्का, त्यामुळे तो मनातच येत नाही. पण 5 सेंटिमीटरहून मोठी, खोल गाठ तपासणीविना ‘चरबीची’ म्हणून काढली, की पुढचं ऑपरेशन फार अवघड होऊन बसतं.

एका तरुणाच्या मांडीत न दुखणारी गाठ होती. सुई घातली आणि सिरिंजमध्ये नुसतं रक्त आलं. तरीही स्लाइडवर मोठ्या दाणेदार पेशी, ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) आणि पेशी फाटून उघडी पडलेली केंद्रकं दिसली. ग्रॅन्युलर सेल ट्यूमरही (बहुधा कॅन्सर नसलेली गाठ) दाणेदार असतो, पण त्याची केंद्रकं सहसा लहान आणि शांत. किडनीच्या कॅन्सरची पसरलेली गाठही असू शकत होती. सुई-सिरिंज धुऊन मिळालेल्या पेशींचा सेल ब्लॉक (पेशी मेणात बसवून केलेली वडी) बनवला आणि मार्करसाठी, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं तपासायला, मुंबईला पाठवला. एस-100 निगेटिव्ह, म्हणून ग्रॅन्युलर सेल ट्यूमर मागे पडला; पॅक्स8 निगेटिव्ह, म्हणून किडनीचा कॅन्सरही; टीएफई3 मात्र केंद्रकात पॉझिटिव्ह. अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा, सार्कोमाचाच एक दुर्मीळ प्रकार! हा फुफ्फुसात आणि मेंदूतही पसरतो, म्हणून सर्जननी ऑपरेशनआधी छातीचा सीटी करून घेतला.

तेव्हापासून प्रत्येक मऊ गाठीचा सेल ब्लॉक आम्ही वेगळे पैसे न घेता करतो.

उलटी फसगतही होते. नोड्युलर फॅसायटिस (कॅन्सर नसलेली गाठ) आठवड्यांत वाढतो, पेशी भराभर विभागताना दिसतात, आणि पुष्कळदा तो आपोआप जिरतो. त्याला सार्कोमा म्हटलं तर निष्कारण मोठी शस्त्रक्रिया होईल. म्हणून नुसत्या स्लाइडवरून प्रकार ठरत नसेल तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहून कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा घेऊन तपासणी) सुचवते, आणि सर्जनना फोनही करते.

गाठीचा एमआरआय झाला असेल तर येताना फिल्म जरूर आणा. सुई नेमकी कुठे घालायची, ते त्यावरून ठरवता येतं.