एकाच भोकातून दोन गोळ्या

“दोन्ही एकाच भोकातून गेल्या!” गेल्या महिन्यात हे वाक्य चक्क माझ्या तोंडून निघालं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो.

टेक्सासमधली आमची महिन्याची यूएसपीएसए मॅच, म्हणजे धावत-पळत पिस्तुलाने नेम मारायची वेळेची स्पर्धा. पुठ्ठ्याच्या बहुतेक टारगेटवर दोन-दोन गोळ्या मारायच्या. मी नऊ एमएमची गोळी वापरणारा, म्हणजे मायनर, कमी जोराच्या गोळीचा गट. मधल्या ए भागात ५ गुण, सीमध्ये ३, डीमध्ये १. नेम साफ चुकला तर हाती काहीच नाही, वर १० गुणांचा दंड. मग एकूण गुणांना वेळेने भागायचं, तो हिट फॅक्टर. सहा टारगेट, बारा ए, आठ सेकंद : ७.५. त्यात एका एची सी झाली तर ७.२५. एक मिस झाली की थेट ५.६३. तेव्हा मी एवढा का भांडलो, ते कळलं असेल.

चौथ्या टारगेटवर एमध्ये एकच भोक. गुण देणारा रेंज ऑफिसर म्हणाला, “अल्फा, माइक.” अल्फा म्हणजे ए, माइक म्हणजे मिस. मी आत्मविश्वासाने भोकाच्या कडेची फाटलेली चीर दाखवली. दाखवली म्हणजे लांबूनच. गुण लिहून होईपर्यंत टारगेटला हात लावायचा नसतो.

त्याने ओव्हरले काढला. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, त्यावर गोळीच्या मापाची वर्तुळं. गोळी आरपार गेली की पुठ्ठा थोडा मिटतो, म्हणून भोक गोळीपेक्षा लहान दिसतं. खरं माप सांगतं ते कडेला उमटलेलं काळपट कडं. ते कडं रेषेला टेकलं तरी वरचे गुण मिळतात. चीर मात्र धरत नाहीत, ती पुठ्ठ्याची करणी. दोन गोळ्या गेल्या असत्या तर कड्याची दुसरी कमान कुठेतरी दिसायला हवी होती. माझ्या भोकाला एकच कडं होतं, बांगडीसारखं गोल.

तरी मी चीफ रेंज ऑफिसरला बोलावलं, मग रेंज मास्टरला. त्याचा शब्द शेवटचा. तो बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “माइक.”

रात्री फोनवर बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा जन्म कोल्हापुरात कुस्त्या बघण्यात गेला.

“पाठ टेकली होती का?”

“टेकली होती.”

“मग पंचाशी कशाला भांडलास?”

या महिन्यात गुण लिहायचा टॅबलेट माझ्या हातात होता. एका बाईंनी स्टेज, म्हणजे मॅचचा एक टप्पा, सुंदर मारली. धावत येऊन शेवटच्या टारगेटवर दोन गोळ्या, आणि पुठ्ठ्यावर भोकं तीन. दोन एमध्ये, एक डीमध्ये. प्रत्येकानंतर भोकांवर पट्ट्या चिकटवतात, पण आधीच्या शूटरच्या एका भोकावर पट्टीच लागली नव्हती. तोही नऊ एमएमवाला, त्यामुळे तिन्ही कडी सारखीच. दोन्ही ए त्यांचेच असणार, असं माझं मन सांगत होतं. पण कुठली भोकं कुणाची हे स्पष्ट नसेल तर नियम एकच : स्टेज पुन्हा मारायची.

त्यांनी पुन्हा मारली. दीड सेकंद जास्त लागला, शिवाय दोन सी.

“पट्ट्या कुणी लावल्या होत्या?” त्यांनी पिस्तुलाची मॅगझिन भरता भरता विचारलं.

टॅबलेट हातात घेण्याआधी त्या रांगेतल्या टारगेटना पट्ट्या लावायचं काम माझ्याकडे होतं. तसं सांगितलं.