नावडत्या कामातला आपला वाटा

माणसाने अधूनमधून नावडती कामे करावीत का, असे विचारले की बहुतेक जण ‘करावीत, त्याने शिस्त लागते’ असे उत्तर देतात. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण त्यात सगळा विचार करणाऱ्याच्याच फायद्याचा आहे. पहाटे उठून खर्जाचा रियाझ करणारा विद्यार्थी किंवा परीक्षेसाठी रुक्ष विषय घोकणारी मुलगी नावडते काम करते हे खरे. पण त्या कष्टांचे फळ पुढे त्यांच्याच पदरात पडणार असते. ही एक प्रकारची गुंतवणूक आहे आणि ती करावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यावर वाद घालण्यासारखे फारसे काही नाही.

खरा प्रश्न ज्या कामांतून करणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही त्या कामांचा आहे. तुंबलेली मोरी मोकळी करणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे मलमूत्र काढणे, लग्नाच्या पंगतीनंतरचे खरकटे उपसणे, इमारतीच्या जिन्यावरच्या थुंकीच्या पिचकाऱ्या धुणे, ही कामे केल्याने कुणाचे कौशल्य वाढत नाही, कुणाचे नाव होत नाही आणि आज केली तरी उद्या ती पुन्हा तशीच समोर उभी राहतात. ती टाळता मात्र येत नाहीत. म्हणूनच ‘मी मला आवडते तेवढेच करीन’ असे जेव्हा एखादा माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या वाट्याचे नावडते काम कुठे नाहीसे होत नाही; ते जिला किंवा ज्याला आवड विचारण्याची पद्धतच नाही अशा कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडते. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला चारित्र्य घडवण्याच्या उपदेशापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

या बाबतीत मला नेहमी अप्पासाहेब पटवर्धन आठवतात. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले अप्पा १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात राजकीय कैदी होते. तुरुंगातले मैला साफ करण्याचे काम ठरावीक जातींच्या कैद्यांकडूनच करून घेतले जाई. ते काम आपल्यालाही द्यावे, अशी मागणी अप्पांनी केली आणि सरकारने ती नाकारली. या नकाराविरुद्ध त्यांनी अन्नाचा सत्याग्रह आरंभला, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये उपोषण सुरू केले, आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर ते थांबवले. एखादे सुखाचे काम मिळावे म्हणून झालेली भांडणे आपल्याला ठाऊक असतात. संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून एका उच्चवर्णीय, सुशिक्षित माणसाने जीव पणाला लावावा, ही गोष्ट आजही विचार करायला लावणारी आहे. अप्पांना त्या कामाची गोडी होती असे मानण्याचे काहीच कारण नाही. ज्या कामाची सगळ्यांना किळस आहे ते काम जन्मावरून एका समाजाच्या माथी मारणे त्यांना असह्य होते, आणि त्यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे आपले हात त्यात घालणे, असे त्यांनी ठरवले होते. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवण्याचे कामही त्यांनी वर्ज्य मानले नाही. मला यातला क्रम फार बोलका वाटतो. काम स्वतः करू लागल्यावर त्यातला त्रास कमी कसा करता येईल याचा विचार सुरू होतो. जोवर ते काम दुसऱ्याच्या डोक्यावरच्या टोपलीत असते, तोवर त्या टोपलीला पर्याय शोधण्याची घाई कुणालाच नसते. टोपलीचे संडास या देशात किती वर्षे चालू राहिले आणि मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालण्यासाठी १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे का करावे लागले, याचे एक कारण मला इथेच दिसते.

मात्र ‘नावडती कामे करावीत’ हा उपदेश सरसकट सगळ्यांना करणे धोक्याचे आहे, आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थन करणाऱ्यांना ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी उत्तर दिले की ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ही श्रमिकांची विभागणी आहे, तिच्यात माणसाची आवड, कल आणि कुवत यांना काहीच स्थान नाही, आणि ज्या कामात माणसाचे ना मन असते ना बुद्धी, ते काम चांगले तरी कसे होणार? आवड ही चैनीची गोष्ट नाही, तो माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, ही बाबासाहेबांची भूमिका मला पूर्णपणे पटते. ज्यांच्या कैक पिढ्या न विचारता लादलेले काम करण्यात गेल्या, त्यांच्या मुलांना ‘आवडीच्या मागे लागू नका, पडेल ते काम करा’ असे सांगणे हा शुद्ध अन्याय आहे. त्यांनी हवे ते निवडावे, आणि तेही हट्टाने निवडावे. मी जे म्हणतो आहे ते माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना निवड करण्याची सोय आधीपासून होती आणि ज्यांनी ती सोय वापरून सगळी घाण दुसऱ्यांकडे सरकवली.

पुण्यात राहणाऱ्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १९९३ साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था घडली, जिने २००८ साली महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या कामात बहुसंख्येने बायका आहेत. आपल्या दारातून उचललेला कचरा त्या पुढे हाताने निवडतात, हे आपण सगळे जाणतो, पण ते बघायला आपण थांबत नाही. मी थांबून पाहिले आहे. पिशवीची गाठ सुटते, आतून आंबलेल्या भाताचा वास येतो, दुधाच्या पिशव्या, चहाचा चोथा आणि फुटलेली काच एकमेकांत कालवलेली असतात, आणि त्याच ढिगात उघडे डायपर आणि वापरलेले सॅनिटरी पॅड असतात. ती बाई क्षणभर तोंड फिरवते आणि पुढच्याच क्षणी तिची बोटे पुन्हा त्या ढिगात जातात. २०१३ साली कचरावेचकांनी असे गोळा केलेले पॅड ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच पाठवून दिले होते, आणि नंतर ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे देण्याची मोहीमही चालवली. म्हणजे नागरिकाकडून मागणी किती, तर एक वर्तमानपत्राचा कागद, एक लाल ठिपका आणि अर्ध्या मिनिटाची किळस. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करणे २०१६ च्या नियमांनीच बंधनकारक केले. तरीही सुशिक्षित घरांतून हे काम ‘नको वाटते’ म्हणून टाळले जाते, आणि अर्ध्या मिनिटाची आपली नावड त्या बाईच्या दिवसभराच्या कामात जमा होते.

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या खताचे हौद आहेत आणि ते वरखाली करण्याची रहिवाशांची पाळी असते. मला ते काम आवडत नाही. झाकण काढले की कोंदट वाफ तोंडावर येते, पंजाने वरचा थर ओढला की खाली पांढरट अळ्यांचा गोळा वळवळताना दिसतो, हौदाच्या तळाशी काळपट पाणी साचलेले असते आणि हातमोजे घातले तरी तो वास दुपारपर्यंत नखांत राहिल्यासारखा वाटतो. सवयीने ही किळस जाईल असे सांगणारे अनेक भेटले; माझी गेलेली नाही, आणि ती जावी अशी माझी अटही नाही. काम नावडते राहूनही वेळेवर करता येते. एक बदल मात्र नक्की झाला आहे. शिळ्या आमटीचे भांडे थेट बादलीत ओतण्याआधी ते निथळून घ्यावे, हे आता पाळी करणाऱ्या प्रत्येक घराला कळते, कारण त्या पाण्याचे पुढे काय होते ते त्यांनी वाकून पाहिलेले असते.

घरांच्या आत हाच प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तिथे आवडीचे नाव पुढे करूनच कामे वाटली जातात. ‘तिला स्वयंपाकाची आवडच आहे’, ‘सासऱ्यांचे तिच्याशिवाय पान हलत नाही’ अशी वाक्ये कौतुकाच्या सुरात म्हटली जातात; पण रोज दोन्ही वेळचा ओटा आवरण्याची, आजाऱ्याची चादर मध्यरात्री बदलण्याची कुणाला आवड असते? तिने कधी तक्रार केली नाही, यालाच आवड म्हणून मोकळे होणे घरातल्या पुरुषांना फार सोयीचे जाते. ज्या घरात मुलगे वडिलांची शुश्रूषा, अगदी अंग पुसण्यापासून बेडपॅन धुण्यापर्यंत, बायकोवर किंवा बहिणीवर न सोपवता स्वतः करतात, त्या घरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, तो असा की नावडते काम पैसे देऊन करून घ्यावे. ज्याला त्याची गरज आहे त्याला रोजगार मिळेल आणि आपला वेळ आपल्याला जमणाऱ्या कामात जाईल. हा युक्तिवाद मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही, कारण प्रत्येकाने सगळेच करावे असा माझा आग्रह नाही आणि अनेक घरांत ते शक्यही नसते. पण तो खरा असता तर काम जितके नकोसे तितकी त्याची मजुरी जास्त असायला हवी होती. प्रत्यक्षात गटारात उतरणाऱ्याला बहुधा अगदी कमी पैसे मिळतात आणि त्याचा जीवही तिथेच जातो. ज्यांना ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही त्यांच्याकडूनच हे काम स्वस्तात होते, हे मान्य केल्याशिवाय बाजारभावाचे नाव घेऊ नये. म्हणून सोसायटीच्या सभेत जेव्हा पाळी बंद करून एक माणूस ठेवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मी दोन गोष्टी मांडल्या: त्याला द्यायची रक्कम आपल्यापैकी कुणी ते काम जेवढ्या पैशांत रोज करायला तयार होईल तेवढी असावी, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक घराची पाळी तरीही कायम राहावी. पहिल्या मुद्द्यावर आकडा सांगायला अजून कुणी पुढे आलेले नाही. दुसऱ्यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे, आणि मी घरोघरी जाऊन त्याच्या बाजूने बोलतो आहे.