कपाटामागची जागा

परवा मधल्या सुट्टीनंतर हजेरी घेताना एक पोरगी सापडेना. दप्तर जागेवर, चपला दाराशी, पोरगी गायब. शेवटी तिच्या मैत्रिणीनं बोट दाखवलं, "बाई, ती कपाटामागं हाये." आमच्या वर्गातलं लोखंडी कपाट कोपऱ्यात तिरकं उभं आहे, कारण त्या भिंतीला ओल येते, आणि त्याच्यामागं एखादं पोर कसंबसं मावेल एवढी तिकोनी जागा राहते, तिथं आम्ही झाडू, फुटका पृथ्वीगोल आणि गॅदरिंगचं उरलेलं सामान कोंबतो. त्यात ही बाई पाय पोटाशी घेऊन बसलेली, गुडघ्यावर पुस्तक, गालात चिंच. हाक मारली तर वर न बघता म्हणाली, "थांबा ना बाई, दोनच पानं ऱ्हायलीत."

आणि त्याच वर्गात, समोरच्याच भिंतीला, आमचा वाचन कोपरा आहे. अगदी रीतसर. कार्डशीटची कापलेली अक्षरं, खाली 'वाचाल तर वाचाल' (ही ओळ नसलेली शाळा मला कुणी दाखवा), नवी सतरंजी, दोन लोड आणि आडव्या नायलॉनच्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली पुस्तकं. दोरी बांधणारे सर उंचेपुरे, त्यामुळे पुस्तकं फोटोत झकास दिसतात आणि पहिली-दुसरीची पोरं खाली उभी राहून उड्या मारतात. 15 ऑक्टोबरला, कलामांच्या वाढदिवसाला, 2015पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी फोटो ग्रुपवर गेलेच पाहिजेत. पोरं ओळीनं बसलेली, पुस्तक छातीशी उघडं, आणि सगळ्यांचे डोळे मोबाईलकडे. एकाचं तर उलटं होतं पुस्तक. गेला तसाच फोटो, अंगठेही आले.

दोरीला मी नावं ठेवत नाहीये हां. लहान पोरांची पुस्तकं असतात चोवीस-बत्तीस पानी, पिना मारलेली, त्यांना कणाच नसतो, कपाटात उभी केली की नुसत्या कडा दिसतात. दोरीवर निदान मुखपृष्ठ तरी दिसतं. वाघ दिसला की पोरगं हात घालतं. फक्त दोरी पोराच्या छातीच्या उंचीला हवी, एवढंच.

माझा खरा राग आहे तो खाकी कव्हरवर. आजही कुणी पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं बघितलं की मला ते ओरबाडून काढावंसं वाटतं, नवऱ्यानं एकदा गॅसच्या पासबुकाला घातलं होतं तर त्याच्याशी भांडले. आमच्या शाळेत लायब्ररी म्हणजे एक पत्र्याची पेटी. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला गुरुजी ती उघडायचे, डांबरगोळ्यांचा वास आख्ख्या वर्गात, आणि वरून जे हाताला येईल ते हजेरी क्रमांकानं वाटत सुटायचे. सगळ्यांना खाकी कव्हर, वर शाईनं नुसता नंबर. आत काय आहे ते घरी गेल्यावर कळणार. शेजारणीला राजकन्या आली आणि मला आलं कुक्कुटपालन. बदलून मागायची सोय नव्हती, "वाचायला दिलंय ना? वाच." मग वाचलं. व्हाइट लेगहॉर्नची अंडी पांढरी, ऱ्होड आयलंड रेडची तपकिरी, एकवीस दिवसांनी पिल्लू बाहेर, उबवणीला अंडी फिरवत राहावी लागतात. हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. राजकन्येचं काय झालं ते शेजारणीला आठवत नाही, मी विचारलंय.

पण ते पुस्तक वाचलं कुठं, ते जास्त आठवतं. आजोळी माजघरात गाद्यांची चळत असायची, पाहुण्यांच्या गाद्या, त्यावर गोधड्या, त्यावर सोलापुरी चादरी, पार आढ्यापर्यंत. खालच्या ट्रंकेवर पाय देऊन वर चढलं की चळत आणि आढं यांच्यामध्ये पालथं पडण्यापुरती फट. उठून बसलं तर डोकं आपटायचं. बाजूला झरोका, त्यातून उन्हाचा एक पट्टा यायचा आणि तो सरकायचा, त्याच्याबरोबर पुस्तक सरकवायचं. खाली मावशी हाका मारतेय, "अगं कुठं उलथली ही, दळण आणायचंय," आणि आपण श्वास रोखून गप्प. 'किशोर' मासिकाचे जुने अंक तिथंच वाचले, मामा रद्दीवाल्याकडून किलोवर आणायचा, आधीच्या कुणीतरी शब्दकोडी पेननं सोडवलेली आणि तीही चुकीची. (किशोर सुरू झालं 1971 मध्ये, आता बालभारतीनं जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत, मी अधूनमधून उघडून बघते, पण कापसाचा वास येत नाही हो त्याला.) कुणी मला तेव्हा लोड-सतरंजी घालून, समोर बाई बसवून, "हं, आता आनंदानं वाच" म्हटलं असतं तर मी दळण आणायला गेले असते.

पोरांना काय लागतं वाचायला? पाठीला भिंत लागते, आणि समोर मोठं माणूस लागत नाही. आडवं पडायची मुभा लागते, आणि तीच आपण देत नाही, "नीट बस, मांडी घाल, डोळ्यांजवळ धरू नको." खिडकीचा उजेड हवा हे खरंच, पण आमच्याकडं खिडकीजवळ पावसाळाभर पावसाची झड येते, पुस्तकं फुगतात आणि कसर लागते. म्हणजे कोपरा ऋतूप्रमाणं हलवायला हवा. तर आमचा कोपरा हलत नाही, कारण अक्षरं भिंतीला फेविकॉलनं चिकटवलीत.

डीएडला असताना रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पाठ केली होती, 1931 ची. गणिताचे मास्तर ते, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिलंच सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. हे सूत्र म्हणून सांगावं लागलं यातच सगळं आलं. आपल्याकडं पुस्तक शाळेत आलं की आधी शिक्का, मग दाखल नोंद, जडवस्तूंचं रजिस्टर, आणि चार्ज देताना एक जरी कमी भरलं तर वसुली कुणाकडून? मग शहाणा मास्तर कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात. त्याला मी वाईट नाही म्हणणार. तीस रुपयांच्या पुस्तकासाठी तीन कागद रंगवावे लागत असतील तर कोण देईल पोराच्या हातात? फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, असं लिहायला रजिस्टरात रकानाच नाही. कोरं करकरीत असलं की मात्र तपासणीत शाबासकी.

ते असो. मी दोरी खाली घेतली, आणि कपाट अजून जरा पुढं ओढलं. झाडूला दुसरी जागा बघितली, पृथ्वीगोल टाकवत नाही. सर म्हणाले, कपाट असं मधे का आलंय, म्हटलं ओल वाढलीय.

खरा प्रश्न दिवाळीनंतर येतो. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात, आईबाप ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, आणि पाच-सहा महिने वर्गातली निम्मी बसकरं रिकामी. हंगामी वसतिगृह आहे, आजी असली तर पोरं राहतात, नसली तर जातात कोपीवर (उसाच्या फडाजवळची झोपडी), धाकट्याला सांभाळायला. गेल्या साली चौथीतला एक जाताना म्हणाला, "बाई, हे नेऊ का, अर्धंच झालंय." मी नोंदवहीत त्याच्या नावावर मांडून दिलं. हंगाम संपला, गाव परत आलं, ते कुटुंब आलं नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून तिकडंच राहिलेत म्हणे. आता सर म्हणतात, वसूल करा नाहीतर निर्लेखनाच्या (म्हणजे रजिस्टरातून काढून टाकायच्या) यादीत टाका, ऑडिट आहे. पोराचं नाव पटावर आहे अजून, ते कमी केलेलं नाही आम्ही. मग पुस्तकाचं कसं कमी करायचं?